देव उचलून नेलेली माणसं : लिमा ते पोतोसी

दिवस पहिला : लिमा

सावंतवाडीच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश स्वारीला माझ्या वर्गात एक ओळ मिळायची, 'पिझारोने पेरू जिंकला'. पेरू म्हटल्यावर मुलं हसायची, मी त्यांना गप्प करायची आणि पुढच्या धड्याकडे वळायची. निवृत्तीनंतर मुलगी म्हणाली, "आई, ती एक ओळ जाऊन बघून येऊ या." ती स्पॅनिश उत्तम बोलते. मी आढेवेढे घेतले नाहीत.

सुरुवात जिंकणाऱ्यापासून झाली. लिमाच्या मुख्य चौकातल्या कॅथेड्रलमध्ये शिरलं की उजव्या हाताच्या पहिल्याच दालनात फ्रान्सिस्को पिझारोची कबर आहे. हे शहर त्याने १५३५ च्या जानेवारीत वसवलं. १५४१ च्या जूनमध्ये याच चौकालगतच्या घरात त्याच्याच देशबांधवांनी त्याला तलवारींनी ठार केलं. लुटीच्या आणि मुलखाच्या वाटणीवरून पेटलेलं वैर होतं ते. पुढे कित्येक वर्षं काचेच्या पेटीत भलत्याच माणसाचा देह पिझारोचा म्हणून दाखवला जात होता. १९७७ साली तळघरात शिशाची पेटी सापडली, तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं, तेव्हा खरी हाडं कळली. त्याचा घोड्यावरचा पुतळा २००३ मध्ये चौकातून हलवला होता, तो २०२५ च्या जानेवारीत पुन्हा चौकाजवळ आणून उभा केला आहे. म्हणजे हे भांडण अजून चालूच आहे.

दुपारी लार्को संग्रहालयात किपू पाहिला आणि कबरीचा विचार मागे पडला. एक जाड दोरी, तिला लोंबणाऱ्या शेकडो बारीक दोऱ्या आणि त्यांवर गाठी. वरच्या गाठी शतकाच्या, खालच्या दशकाच्या, अगदी टोकाच्या एककाच्या. आपलं एकं, दहं, शतं सगळं सुतावर. मी काचेला नाक लावून एका दोरीवरच्या गाठी मोजल्या, सात आणि खाली चार.

या गाठींनी एक खटलाही चालवला आहे. हौखा खोऱ्यातले वांका लोक इंकांच्या, म्हणजे तेव्हा इथे साम्राज्य असलेल्यांच्या, सत्तेखाली भरडलेले होते. पिझारो आल्यावर त्यांनी त्याला मदत केली. मका दिला, लामा दिले, सरपण दिलं, हमाल म्हणून माणसं दिली, आणि दिलेलं सगळं किपूवर नोंदवत गेले. १५६१ मध्ये त्यांच्या सरदारांनी लिमाच्या न्यायालयात त्या गाठी वाचून दाखवल्या आणि आमचं देणं द्या म्हणून मागणी केली. 'मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं' असं मीही शिकवलं. त्या मुठीला दाणापाणी, वाटाडे आणि लढवय्ये इथल्याच नाराज माणसांनी पुरवले होते, हे सांगायला हवं होतं.

दिवस दुसरा : काहामार्का

लिमाहून विमानाने सव्वा तास. काहामार्का २७५० मीटर उंचीवर आहे. धाप लागत नाही, पण जिना चढल्यावर थांबावंसं वाटतं. उंच गोल टोप्या घातलेल्या बाया चौकात चीज विकत होत्या, पोरं कारंज्याभोवती पळत होती. इतका साधा, प्रसन्न चौक आहे, आणि १६ नोव्हेंबर १५३२ ची संध्याकाळ याच जागी झाली.

पिझारोबरोबर १६८ माणसं होती, त्यातले ६२ घोडेस्वार. ते चौकाभोवतीच्या लांबलचक घरांत दडून बसले होते. इंका, म्हणजे इंकांचा राजा, अताहुआल्पा नुकताच भावाशी झालेलं युद्ध जिंकून शहराबाहेर तळ देऊन राहिला होता, त्याच्याकडे हजारोंची फौज होती. भेटीला मात्र तो बहुतेक निःशस्त्र परिवार घेऊन आला. पालखीत बसून, वाजतगाजत. व्हिसेंते दे व्हाल्व्हेर्दे नावाचा धर्मगुरू एका हातात क्रूस आणि एका हातात पोथी घेऊन पुढे झाला आणि दुभाष्यातर्फे सांगू लागला की आमचा देव मान, आमचा राजा मान. असा मजकूर वाचून दाखवायची पद्धत स्पॅनिश दरबाराने १५१३ पासून ठरवूनच दिली होती. ऐकणाऱ्याला भाषा कळो न कळो, वाचून झालं की पुढची लढाई कायदेशीर ठरायची. अताहुआल्पाने पोथी हातात घेतली, उघडली आणि भिरकावली. त्याबरोबर तोफ उडाली आणि घुंगरं बांधलेले घोडे चौकात घुसले.

अंधार पडेपर्यंत काही हजार माणसं मेली. स्पॅनिशांपैकी एकही मेला नाही. अताहुआल्पाला जिवंत धरायच्या धडपडीत पिझारोच्याच हाताला जखम झाली, तेवढीच.

त्या वर्णनातली एक गोष्ट वाचल्यापासून मला सोडत नाही. पालखीच्या भोयांचे हात तलवारींनी तोडले, तरी त्यांनी खांदा दिला. एक पडला की दुसरा त्याच्या जागी येऊन दांडी धरायचा. हे स्पॅनिशांनीच लिहून ठेवलं आहे. आमच्या गावात पालखीला खांदा द्यायला माणसं वर्षभर वाट बघतात. पालखी खाली टेकू द्यायची नाही म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी चौकाच्या कडेला बाकावर बसून राहिले. मुलगीही काही बोलली नाही.

चौकापासून जवळच खंडणीची खोली आहे. शहरात उरलेली इंकांच्या काळातली ही जवळजवळ एकमेव वास्तू. आत पाऊल ठेवता येत नाही, दोरीबाहेरून बघायचं. लांबी सुमारे सात मीटर, रुंदी पाचाच्या थोडी वर. दगड पावसापाण्याने झिजलेले, भिंतीत रिकामे कोनाडे. अताहुआल्पाने उभं राहून हात वर केला आणि सांगितलं, इथपर्यंत ही खोली एकदा सोन्याने भरतो, दोनदा चांदीने, मला सोडा. साम्राज्यभरातून पाठीवर लादून सोनं येत राहिलं. कलश, कणसं, मूर्ती, देवळांचे पत्रे. इथल्याच सोनारांना भट्ट्या पेटवून ते सगळं वितळवायला लावलं. सुमारे सहा टन सोनं आणि अकरा-बारा टन चांदी निघाली. राजाचा पाचवा हिस्सा बाजूला काढून उरलेलं वाटलं तेव्हा एकेका घोडेस्वाराला चाळीसेक किलो सोनं मिळालं. आणि १५३३ मध्ये अताहुआल्पाला याच शहरात गळा आवळून मारलं. जाळून मारणार होते, पण देह जळाला तर पूर्वजांसारखा जतन होणार नाही म्हणून त्याने बाप्तिस्मा घेतला, तेवढी सूट मिळाली.

खोलीत आता कबुतरं आहेत. शाळेची सहल आली होती, बाई मुलांना हात वर करायला सांगत होत्या. वीस-पंचवीस हात एकदम वर गेले.

दिवस तिसरा : काहामार्का

पहाटे बान्योस देल इंकाला गेलो. गरम पाण्याची कुंडं, अताहुआल्पाचा तळ इथेच होता. गारठ्यात वाफांचे लोट उठत होते. वज्रेश्वरीच्या कुंडांची आठवण झाली.

टॅक्सीवाल्या काकांनी परतताना उत्तरेच्या डोंगरांकडे हात केला. तिकडे १९९३ पासून सोन्याची प्रचंड खाण चालू आहे. २०११ मध्ये आणखी एका खाणीसाठी डोंगरावरची तळी घ्यायचं ठरलं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २०१२ च्या जुलैमध्ये त्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला. खाण थांबली. "सोनं इथलं, पाणीही इथलं, पण निवड आम्हाला कुणी विचारत नाही," असं काका म्हणाले. मुलीने भाषांतर केलं आणि मग बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

दिवस चौथा : कुस्को

विमान, मग विमान. इंकांची राजधानी कुस्को ३४०० मीटरवर. डोकं ठणकू लागलं, कोकाच्या पानांचा काढा पिऊन संध्याकाळपर्यंत झोपून राहिले.

दिवस पाचवा : कुस्को

या सगळ्या प्रवासात मला जे बघायचं होतं ते कोरिकांचा. इंकांचं सूर्यमंदिर, त्यावर बांधलेला सांतो दोमिंगोचा मठ.

बाहेर रस्त्यावरून बघितलं की आधी वळणदार काळसर भिंत दिसते, एकाही सांध्यात चुना नाही. तिच्यावर मठाचा विटा-चुन्याचा सज्जा बसवलेला. दोन्हींचा रंग वेगळा, चाल वेगळी. खालची भिंत किंचित आत कललेली आहे, पाय घट्ट रोवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. १६५० च्या भूकंपात मठ पडला, भिंत राहिली. पुन्हा बांधला, १९५० च्या भूकंपात पुन्हा पडला आणि आत लिंपून टाकलेल्या मंदिराच्या खोल्या उघड्या झाल्या. आत गेल्यावर मी एका कोनाड्याच्या कडेला तळवा टेकवला. सावलीतला दगड बर्फासारखा गार, आणि कड इतकी गुळगुळीत की पाट्यावरवंट्याची आठवण व्हावी. वर्षानुवर्षं हाताखालून गेल्याशिवाय दगड असा होत नाही.

भिंतींवर सोन्याचे सातशेच्या आसपास पत्रे होते. अताहुआल्पाच्या खंडणीसाठी काहामार्काहून तीन स्पॅनिश पुढे आले. देवाच्या अंगाला हात लावायला इथला कुणी तयार होईना, म्हणून त्यांनी पहारींनी स्वतः पत्रे उचकटले.

पण देव त्यांच्या हाती लागला नाही. सूर्याची सोन्याची मूर्ती, पुंचाव तिचं नाव, तिच्या पोटात आधीच्या इंकांच्या हृदयांची भुकटी असायची. ती मूर्ती इंकांचा वारस मांको १५३६ च्या उठावानंतर घाटापलीकडच्या विल्काबांबाच्या जंगलात गेला तेव्हा तिकडे पोहोचली. छत्तीस वर्षं त्या जंगलात इंकांचं राज्य टिकलं. १५७२ मध्ये व्हाइसरॉय तोलेदोच्या फौजेने शेवटचा इंका तुपाक आमारू याला पकडलं, तेव्हा पुंचावही पकडला गेला. आणि पूर्वजांचे जतन केलेले देह? ते राजे मेल्यावरही घरातच असत. त्यांना नैवेद्य असे, नवी वस्त्रं असत, सणाला चौकात मिरवत. घराण्यांनी ते देह गावोगाव लपवले. पोलो दे ओंदेगार्दो नावाच्या अधिकाऱ्याने १५५९ मध्ये शोधून शोधून बरेचसे जप्त केले आणि काही लिमाला पाठवले.

इथे मला माझ्या घरचं आठवल्याशिवाय राहिलं नाही. आमचं कुलदैवत गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा. मूळ देऊळ झुआरी नदीच्या दक्षिणेला, केळशीला. सोळाव्या शतकाच्या साठीत पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा आमच्या लोकांनी देवी रातोरात नदीपार, फोंड्याच्या आदिलशाही मुलखात नेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आजी सांगायची, देवीला होडीत बसवलं तेव्हा कुणी रडायचं नाही असं ठरलं होतं, आवाज झाला असता. तिच्या आजीने तिला सांगितलेलं, तिला तिच्या आजीने. आमच्या देवीला नदीपार आसरा मिळाला. पुंचावाला विल्काबांबाच्या पुढे नदी नव्हती. दहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या गोष्टी आहेत या. १५८० ते १६४० तर स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या हाती होते, कुस्कोचा आणि गोव्याचा मालक एकच.

संध्याकाळी कॅथेड्रल. साक्सायवामानच्या गडाचे दगड वाहून आणून ते बांधलं. भिंतीवर येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे, मार्कोस सापाता या इथल्याच चित्रकाराचं. ताटात डोंगरातला भाजलेला कुई आहे, गिनीपिगच्या जातीचा. आणि एका बाजूला काळवंडलेला ख्रिस्त, भूकंपांचा स्वामी. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सोमवारी त्याची मिरवणूक निघते, तेव्हा त्याच्यावर न्युक्चूची लालभडक रानफुलं उधळतात. कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला शहरातले पंधरा संत खांद्यावरून याच चौकात येतात. त्यांच्याआधी याच चौकात राजांचे देह यायचे.

दिवस सहावा : कुस्को

आज एकादशी. सान पेद्रोच्या मंडईत जाताना मुलगी काळजीत, "आई, तू खाणार काय?"

मंडईत शिरल्यावर काळजी मिटली. बटाट्यांचीच एक अख्खी रांग होती. जांभळे, पिवळे, काळे, बोटासारखे लांब, गाठीगाठींचे. पेरूत बटाट्याचे तीन हजारांहून जास्त वाण आहेत. रात्रीच्या थंडीत गोठवून, दिवसा उन्हात वाळवून, पायांनी तुडवून केलेला चुन्यो पांढऱ्या दगडांसारखा दिसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. इथल्या मूळच्या क्वेचुआ भाषेत बटाट्याला पापा म्हणतात. आपला बटाटा हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, तोही मूळचा कॅरिबियन बेटांवरचा आणि रताळ्याचा. पुढे शेंगदाणे. पुढे मिरच्या. पुढे किविचा नावाचं बारीक धान्य, हातावर घेतलं तर आपला राजगिरा! त्याच्या गोड वड्याही होत्या, अगदी राजगिऱ्याच्या चिक्कीसारख्या.

मी तिथे उभी राहून मनात ताट वाढलं. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. दाणे तिथले, बटाटा तिथला, आणि मिरची, रताळं, राजगिरा अमेरिकेच्या दोन खंडांतलेच. विठोबाच्या एकादशीला चालणारं जवळजवळ सगळं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी रानातून आणून, निवडून, वाढवून जगाला दिलेलं आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात पोहोचलं ते युरोपीयांच्या जहाजांतून. आजवर हजार वेळा खिचडी परतली असेन, कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नव्हतं.

विकणाऱ्या बाईने मला "कासेरिता" म्हटलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला आणि विकणारीलाही इथे हेच म्हणतात. मी दोन उकडलेले जांभळे बटाटे आणि वडी घेतली. तिने वर मूठभर दाणे ओंजळीत टाकले.

दुपारी साक्सायवामान. तीन नागमोडी तट, काही दगड शंभर टनांहून जड. १५३६ मध्ये मांकोच्या फौजेने हा गड घेऊन खालच्या शहराला महिनोन् महिने वेढा दिला, तापवलेले गोफणगुंडे टाकून कुस्कोची गवती छपरं पेटवली. गड परत घेताना पिझारोचा भाऊ हुआन मेला. आपण हरतोय असं दिसल्यावर गडाच्या इंका सरदाराने स्वतःला बुरुजावरून खाली झोकून दिलं. वारा इतका होता की शाल सावरत नव्हती.

दिवस सातवा : तुंगासुका

कुस्कोपासून दक्षिणेला अडीच तास. कोंबापातापासून रस्ता चढतो आणि चार तळ्यांच्या पठारावर येतो. तळ्याकाठी तुंगासुका. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. चौक, शाळा, चर्च आणि घोड्यावरचा होसे गाब्रिएल कोंदोर्कान्कीचा पुतळा. जग त्याला दुसरा तुपाक आमारू म्हणून ओळखतं, कारण विल्काबांबाच्या त्या शेवटच्या इंकाचा तो वंशज होता.

तो या गावांचा कुराका, म्हणजे आपल्याकडचा पाटील म्हणा. शेकडो खेचरं बाळगून कुस्को ते पोतोसी मालवाहतूक करायचा. पोतोसीच्या चांदीच्या खाणीसाठी इथल्या प्रांतांतून दरवर्षी सातातला एक पुरुष वेठीने न्यायचे. त्या वेठीला मिता म्हणत. मिता मुळात इंकांची पद्धत, आळीपाळीने द्यायच्या कामाची. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात तिचा खाणीसाठी फास केला. शिवाय कोरेहिदोर म्हणजे स्पॅनिश अंमलदार खेचरं, कापड, नको त्या वस्तू अवाच्या सवा भावाने लोकांच्या गळ्यात मारायचे, पैसे मात्र वसूल करायचे. कोंदोर्कान्कीने १७७७ मध्ये लिमाला जाऊन अर्ज केला की माझ्या माणसांना मितातून सोडा. कुणी ऐकलं नाही. ४ नोव्हेंबर १७८० ला त्याने कोरेहिदोर आरियागाला पकडलं आणि सहा दिवसांनी याच गावात फासावर चढवलं.

पुढचे सहा महिने अँडीज पेटलं. या उठावाला मी निव्वळ गौरवाने बघू शकत नाही. सांगारारा गावात चर्चमध्ये आसरा घेतलेली शेकडो माणसं जळून मेली. मात्र त्याची बायको मिकाएला बास्तिदास विलक्षण होती. रसद, पैसा, हेर, परवाने सगळं तिच्या हाती. तिने नवऱ्याला पुन्हा पुन्हा लिहिलं की वेळ घालवू नकोस, थेट कुस्कोवर चाल कर. त्याने वेळ घालवला.

१८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात, आम्ही परवा बसलो होतो तिथे, त्याच्यासमोर बायकोला आणि मोठ्या मुलाला मारलं. मग त्याला चार घोड्यांना बांधून चार दिशांना ओढलं. देह फाटला नाही. शेवटी डोकं उडवलं. शीर तिंता गावाला गेलं, एक हात या गावात आणून खांबावर लावला. धाकटा मुलगा फेर्नांदो हे सगळं बघत होता. त्याला जहाजात घालून स्पेनला पाठवलं.

शिक्षेच्या त्याच हुकुमात आणखी एक कलम होतं, आणि शिक्षिका म्हणून मला त्याचा जास्त धक्का बसला. इंकांचे पोशाख बंद, पूर्वजांची चित्रं बंद, शंख फुंकणं बंद, आणि लोकांनी क्वेचुआ सोडून स्पॅनिश बोलायचं. गोव्यातही १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने असाच हुकूम काढला होता, तीन वर्षांत कोकणी सोडा म्हणून.

चर्चच्या पायरीवर एक म्हातारी लोकर कातत बसली होती. तिने मला विचारलं, कुठून आलात? मुलीने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, म्हातारीने मान हलवली आणि शेजारच्या नातीकडे बघितलं. नातीने क्वेचुआत सांगितलं. मग म्हातारी हसली, नातीमार्फत माझं वय विचारलं, मुलं किती विचारलं. चाती तिच्या हातात फिरतच होती. दोन मुली आणि दोन भाषा मधे घालून आम्ही दोघी अर्धा तास बोललो. १९७५ मध्ये पेरूने क्वेचुआला राजभाषा केलं. २०१७ च्या जनगणनेत सदतीस लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून लिहिली.

दिवस आठवा आणि नववा : वाटेत

पुनो, तितिकाका सरोवर, बोलिव्हियाची हद्द, ला पाझ, मग रात्रीची बस. आम्हाला दोन दिवस लागले. मिताला निघालेली कुटुंबं बायकापोरांसह, लामांवर वर्षभराचा चुन्यो लादून हाच पल्ला पायी तोडायची. गावची वेस ओलांडताना त्यांना निरोप द्यायला वाजंत्री लागायची, अशी नोंद आहे.

दिवस दहावा : पोतोसी

चार हजार मीटरच्याही वर वसलेलं शहर आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला दिसणारा तो एकच डोंगर, सेर्रो रिको. तांबूस, बरोबर शंकूसारखा. १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे दीड लाखावर माणसं राहत होती, तेव्हाच्या युरोपातल्या मोठ्या शहरांइतकी. मिताने दरवर्षी साडेतेरा हजार पुरुष इथे आणायचे असा तोलेदोचा आकडा होता. चांदी गाळायला हुआनकावेलिकाच्या खाणीतला पारा लागायचा, तो माणसांच्या हाडांत शिरायचा. देवीचा रोग, युद्ध, वेठ, उपासमार यांनी मिळून आजच्या पेरूच्या हद्दीतले नव्वद लाख लोक शंभर वर्षांत सहा लाखांवर आले, असा एक जाणता अंदाज आहे. यातला मोठा वाटा देवीच्या रोगासारख्या साथींचा.

टांकसाळीत, कासा दे ला मोनेदामध्ये, लाकडाची अजस्र चक्रं आहेत. खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची, वर चांदीच्या पट्ट्या लाटल्या जायच्या. खालच्या फरशीवर खेचरांच्या वाटेचा गोल अजून कळतो. इथलं आठ रेआलचं नाणं युरोपात गेलं, मनिलाला गेलं, आणि डच-इंग्रजांच्या जहाजांतून सुरतेला आलं. सुरतेच्या टांकसाळीत ते वितळवून मुघल रुपया पाडायचे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली त्या बाजारातली चांदी मोठ्या प्रमाणात याच खंडातली होती. हा धागा मी वर्गात कधी जोडून दाखवला नाही.

मग ते चित्र आलं. अठराव्या शतकातलं, चित्रकाराचं नाव नाही. डोंगरवाली माता. वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मुकुट घालतायत, खाली पोप आणि राजा गुडघे टेकून आहेत. मधे मेरी. पण मेरीला अंग नाही. सेर्रो रिकोच तिचं अंग. त्रिकोणी तांबूस डोंगर, त्यावर पायवाटा, लामा, चढणारी माणसं, आणि शिखराजवळ डोंगरातून बाहेर आलेला शांत चेहरा आणि दोन तळवे. एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. पायथ्याशी अताहुआल्पाचा बाप, इंका वायना कापाक.

मी त्यांच्या पाचामामेबद्दल, भूमातेबद्दल वाचलं होतं. पण मला हे चित्र वाचनामुळे नाही कळलं. आमच्या भागात, गोव्यात आणि सिंधुदुर्गात, गावाची देवी सातेरी म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात मातीचा शंकू, त्यावर चांदीचा मुखवटा चढवलेला, वर साडी. खाली माती, वर चेहरा. कितीतरी ठिकाणी पुढे तिलाच शांतादुर्गा म्हणू लागले. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण तिच्याच बहिणींपैकी एक मानतात, जत्रेला हिंदू तिला तेल वाहतात. मी मुलीला म्हटलं, "अगं, ही सातेरी आहे." ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, मुखवटा चढवलाय."

आम्ही दालन बंद होईपर्यंत तिथे होतो.

दिवस अकरावा : पोतोसी

आज निघायचं. डोंगराच्या आत पर्यटकांना नेतात, मला जायचं नव्हतं. आत अजून माणसं खणतात, बहुतेक छोट्या सहकारी संस्थांतून, कथिल, जस्त आणि उरलीसुरली चांदी. पाचशे वर्षांच्या बोगद्यांनी शिखर खचत चाललंय. बोगद्यांत तिओची शिंगवाली मूर्ती असते, तिला पानं, दारू, विडी देतात. क्वेचुआत 'द' नाही म्हणून स्पॅनिश 'दिओस'चं तिओ झालं असं इथे सांगतात.

सकाळी खाणकामगारांच्या बाजारात गेलो. कोकाची पानं, कार्बाइडचे दिवे, डायनामाइटच्या कांड्या एकाच टपरीत. शिफ्टला निघालेली पोरं गाल फुगवून पानं चघळत होती, काही अगदी माझ्या दहावीच्या वर्गातल्या मुलांएवढी. कोपऱ्यावर एक बाई मोठ्या पातेल्यातून आपी देत होती, जांभळ्या मक्याचं दाट गरम पेय, दालचिनी घातलेलं. तिने आमचे पेले भरले, मग स्वतःचा भरला. पिण्याआधी तिने पेला कलता करून चार थेंब जमिनीवर सांडले, पुटपुटली आणि मग घोट घेतला.

माझे वडील जेवायला बसले की पहिल्या घासाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. मी पेला कलता केला. थेंब धुळीत पडून काळे झाले आणि जिरले. बाईने माझ्याकडे बघितलं, "असंच," म्हणाली, आणि माझा पेला पुन्हा काठोकाठ भरला.